उस्तादांचा उतार

कापूस पिंजायच्या धनुकलीची तात वाजायची थांबली, तेव्हा हिंमतराव दारातच उभा होता. शेजारच्या उंद्री गावचा हा पोरगा फकीर मोहम्मदच्या अन्वरसोबत फौजेत गेला होता आणि एकटाच परत आला होता.

फकीर मोहम्मदने हिंमतरावला कापसाच्या ढिगाशेजारी बसवलं. अर्ध्या साखरखेर्ड्याच्या गाद्या या पिंजाऱ्याच्या हातच्या, पण बोलण्याचा त्याला पहिल्यापासून कंटाळा. आज मात्र त्याला धीर धरवेना.

"तारेत नुसतं अपघात लिवलं होतं. लढाई तं सरली होती ना बे? मंग मेलं कसं माह्यं पोट्टं? तुही चाची रोज इचारते. मी काय सांगू तिले?"

हिंमतरावने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि हळूहळू सांगायला लागला. इटलीच्या डोंगरात पलटणीला आरामाला ठेवलं होतं. तिथे श्रीमंत गोरे पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरतात, तेही हौसेनं. आपल्याकडे कुणी घसरलं की लोक हसतात. तिथे घसरण्याचेही वर्ग पाडलेले. पहिला उतार नवशिक्यांचा, वखरलेल्या वावरासारखा. दुसरा थोडंफार जमणाऱ्यांचा. तिसरा म्हणजे नुसता कडा. त्याच्या तोंडाशी लाल कापड बांधलेलं. तो फक्त उस्तादांचा.

"आमाले पहिल्यावरच घसरू देत, चाचा. तिथं सारे बायका-लेकरं. आमी पडलो का खदाखदा हसत. अन्वरले लय राग आला. म्हने, मले काय भेव दाखवतात बे, हा तं माह्या बापाचा कापूस हाय. लहानपनी माळ्यावरून उड्या मारल्या म्या याच्यात, कधी खरचटलं बी नाई. अन् निंगाला तिसऱ्या उतारावर. मी हाका मारल्या, पन तो कायचा आयकते!"

फकीर मोहम्मदचा हात ढिगात होता, तो तिथेच राहिला. माळ्यावर पहिल्यांदा पोराला त्यानंच चढवलं होतं. पोरगा वर भोकाड पसरून बसला होता आणि हा खालून म्हणत होता, मार उडी, पांढऱ्यात पडलं तं लागत नाई.

"अन् बरफ कसा असते?" त्यानं कसंबसं विचारलं.

"दुरून असाच दिसते, या ढिगावानी. पन त्या कड्यावरचा थंडीनं गोठेल होता, चाचा. निरा दगड."

 इतक्या वर्षांत फकीर मोहम्मदनं पोराला एकच गोष्ट मनापासून शिकवली होती.

आतून त्याची बायको खैरुन्निसा चहा घेऊन आली. दोघांचे चेहरे पाहून ती उंबऱ्यातच थबकली.

"काय म्हने हिंमत? लय हाल झाले काय लेकराचे?"

 फकीर मोहम्मदने डोळे पुसले नाहीत, आवाज तेवढा सावरला.

"नाई वं. तिथं सारा कापसावानी बरफ होता म्हने. त्याच्यात पडला. लागलं नाई त्याले."

"अल्लाचा शुकर," ती म्हणाली. चहा खाली ठेवून ती ढिगापाशी बसली आणि त्यातला मूठभर कापूस उचलून तिनं गालाला लावला.