अर्ध्या मिनिटाचा तंबोरा

तंबोरा अर्ध्या मिनिटात पुन्हा गप्प झाला.

“बघ गो, गेला,” टॅबलेट कानाला लावून पंढरीबुवा म्हणाले. संध्याकाळी सातला कोलशेतच्या देवळात त्यांचं कीर्तन होतं. गेल्या गुरुवारी ऐन नमनात सूर तुटला आणि बुवा भलत्याच पट्टीत गेले. आज तसं झालं तर चिपळ्या कायमच्या खाली ठेवणार, असं ते सकाळपासून दोनदा म्हणाले होते.

त्यांच्या लेकीला, कल्पिताला, कोडंच पडलं होतं. बापासाठी हे तंबोऱ्याचं अ‍ॅप तिनंच लिहिलेलं, ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत. चाचणीच्या बिल्डमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या कच्च्या आवृत्तीत, तंबोरा तासभर वाजायचा. तेच पक्कं बिल्ड करून टॅबलेटवर टाकलं की मुका.

“कोड तोच ना?”

“अक्षर न् अक्षर तेच, बाबा.”

“मग फरक कुठे?”

तेच तर तिला हवं होतं. ती एकेक सेटिंग पालटत गेली. कोडचं अ‍ॅप बनवून देणाऱ्या कंपायलरचं ऑप्टिमायझेशन, म्हणजे त्याची काटकसर, शून्यावर आणलं, तंबोरा वाजत राहिला. पुन्हा वाढवलं, गप्प. ती खुर्चीत पुढे सरकली. तंबोरा मेमरीतून जाईल तेव्हा पडद्यावर एक ओळ उमटेल अशी सोय केली. सुरू केल्या केल्या ओळ उमटली.

“अगंबाई! हा सुरू होताच सुटतोय. आपण ऐकतो तो आधी भरून ठेवलेला अर्ध्या मिनिटाचा सूर.”

“सोडला कोणी?”

“कंपायलरनं. एकदा ‘वाज’ म्हटल्यावर मी पुढे कुठेच त्याचं नाव घेतलेलं नाही. चाचणीत ते खपून जातं. पक्क्या बिल्डमध्ये कंपायलर म्हणतो, याला कोणी विचारत नाही, करा जागा मोकळी.”

“वाजत असला तरी?”

“त्याला सूर कुठे कळतो, बाबा?”

तंबोरा शेवटपर्यंत धरून ठेवायची एक ओळ तिनं लिहिली. पक्कं बिल्ड केलं. अर्धं मिनिट गेलं, दहा मिनिटं गेली. सूर चालूच.

बुवा बराच वेळ ऐकत बसले. मग त्यांनी धोंडीबाला फोन लावला. तीस वर्षं धोंडीबा त्यांच्यामागे तंबोरा धरून बसायचा. वर्षभरापूर्वी बोटं आखडली, तेव्हापासून घरीच.

“वाजवायचं नाय रे तुला. नुसता येऊन बस.”

देवळात नमन झालं, सूर हलला नाही. बुवांनी रिवाजाप्रमाणे पेटीवाल्याचं नाव घेतलं, तबलेवाल्याचं घेतलं. एरवी ते इथेच थांबायचे.

“आणि तंबोऱ्याला, आमचे धोंडीबा.”

तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं आजूबाजूला पाहिलं, आणि रिकामी मांडी सावरून तो ताठ बसला.