मंगळवारच्या आत

मिग्दालियाने चादर खिडकीतल्या उजेडात धरली आणि कुठे विरलेली नाही ते बोटाने चाचपून पाहिलं. सासूबाईंची लिननची चादर. क्यूबातल्या सांक्ती स्पीरितूस गावच्या दुकानांत वर्षभर असं कापड आलंच नव्हतं. तिने मन घट्ट करून कात्री चालवली.

मंगळवारी मोटार येणार होती. मध्ये सहाच दिवस.

शर्ट जुन्या घाटाचा हवा होता. भिंतीवरच्या फोटोत एव्हेलिओच्या वडिलांनी लग्नात घातलेला, तसाच ग्वायाबेरा: चार खिसे, पुढे-मागे काडीएवढ्या बारीक चुण्या, सत्तावीस बटणं. "मला एकदा बाबांसारखा शिवून दे ना," असं एव्हेलिओ लग्नापासून म्हणत होता. मिग्दालियाने कारखान्यात शाळेचे हजारो गणवेश शिवले, पण नवऱ्याला तीस वर्षं "शिवीन रे कधीतरी" म्हणतच राहिली.

कागद एकाचेच झाले होते. आजोबांच्या जन्मदाखल्यावरून स्पेनचा पासपोर्ट मिळाला तोही एकालाच. दुसऱ्याचा अर्ज दोनदा परत आला. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे घरात मागे उरणारं माणूस अगदीच एकटं उरणार, हे दोघांनाही कळत होतं.

वीज सकाळीच गेली होती. पायाचं मशीन खडखडत राहिलं.

शेजारची निएवेस वाटीत सात बटणं घेऊन आली. "घे. माझ्या म्हाताऱ्याच्या कोटाची आहेत. त्याला आता कोट कशाला?" मग तिने कापलेले तुकडे एकावर एक ठेवून पाहिले. "अगं बाई, हा लहान होईल त्याला! कमरेत दोन बोटं कमी धरलंयस."

"मुद्दाम धरलंय. एकटा पडला की माणूस वाळतो."

निएवेसने तुकडे खाली ठेवले. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. "तोंडावर सांगते, राग मानू नकोस. पहिले सहा महिने रोज फोन असतो. मग रविवारचा. मग वाढदिवसाचा. आमच्या धाकट्याचं बघितलंस ना?"

"आमचं तसं नाही व्हायचं."

"सगळे हेच म्हणतात," निएवेस म्हणाली आणि सुईत दोरा ओवून द्यायला बसली.

दुपारी मिग्दालियाने नवऱ्याला चुलीपुढे उभं केलं. काळा घेवडा शिजवायचा, आधी लसूण परतायचा, मग पाणी. एव्हेलिओने आधी पाणी ओतलं.

"देवा रे! परवा सांगितलं, काल सांगितलं!"

"नाही जमत मला. ब्रेड खाऊन राहीन."

"जमवावं लागेल. कोण आहे रांधून घालायला?" ती म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

शनिवारी दोरा संपला. तिने स्वतःच्या जुन्या परकराची शिवण उसवली आणि तोच दोरा मेण लावून वापरला. रविवारी शेवटच्या चुण्या घातल्या. आणि संध्याकाळी बाही जोडून शर्ट उलटला तेव्हा तिला दिसलं: उजवी बाही डावीकडे लागली होती. चाळीस वर्षांत अशी चूक कधी झाली नव्हती. शर्ट तोंडावर दाबून ती हमसून रडली.

एव्हेलिओ धावत आला. दोन खोल्या ओलांडल्या तेवढ्यानेच त्याला धाप लागली.

"फाडून टाक ते कागद," तो म्हणाला. "नको जायला. कोणीच नको जायला."

"आणि तुझ्या गोळ्या? आठ महिने औषधाच्या दुकानात फळ्या रिकाम्या आहेत. मागच्या खेपेला ओठ निळे पडले होते तुझे, मी पाहिलेत. तिथे त्या गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, एव्हेलिओ!"

"मरायचं तर इथेच मरेन. तुझ्याजवळ."

"मरायचं नाहीये!" ती ओरडली. इतक्या जोरात ती आयुष्यात ओरडली नव्हती. "म्हणून तर हे सगळं."

तो खाली बसला आणि बाहीचे टाके उसवू लागला. ती दुसऱ्या टोकाने उसवत आली. मधे कुठेतरी दोघांची बोटं एकमेकांना लागली, आणि बराच वेळ तशीच राहिली.

मंगळवारी दहा वाजता जुनी भाड्याची मोटार दारात उभी राहिली. गल्लीतली चार माणसं जमली. एव्हेलिओ शर्ट घालून आरशापुढे आला. चुण्या पोटावर ताणल्या होत्या.

"पोट आत घे," मिग्दालिया म्हणाली. तिने एकेक बटण लावलं. सावकाश, खालून वर. गळ्याशी आल्यावर तिचे हात थांबले.

"बाबांसारखा दिसतो का?"

"त्यांच्याहून बरा."

निएवेसने दोघांच्याही कपाळावर क्रूस काढला आणि ती पाठ फिरवून नाक पुसू लागली. हॉर्न वाजला. चालक म्हणाला, "आटपा, हवानाचा रस्ता लांब आहे. विमान काही तुमच्यासाठी थांबायचं नाही."

एव्हेलिओने बॅग उचलून मोटारीच्या मागच्या भागात ठेवली. धाप लागल्याचं कोणाला दिसू नये म्हणून तो क्षणभर तिथेच वाकून राहिला. मिग्दालिया त्याच्या पाठीवरच्या चुण्यांवरून हात फिरवत होती. "उरलेल्यातली गोळी घेतलीस?" तिने विचारलं. त्याने मान डोलावली.

मग त्याने मोटारीचं दार उघडलं, तिला आत बसवलं, आणि दार बाहेरून लावलं. मोटार कोपऱ्यावर वळली तेव्हा तो पांढऱ्या शर्टात दारातच उभा होता, आणि मिग्दालियाच्या मांडीवर, त्याला तिथून पाठवायच्या गोळ्यांच्या यादीसोबत, पासपोर्ट होता, तिचा.