रिपोट्र

चाळिसाव्यांदा पाठवलेली रिक्वेस्ट चाळिसाव्यांदा परत आली. स्क्रीनवर तेच उत्तर: असा पत्ता नाही.

उद्यापासून गावातल्या सगळ्या लॅब याच पत्त्यावर पेशंटचे रिपोर्ट थेट हॉस्पिटलला पाठवणार होत्या. महिन्यापूर्वीच टेस्टर म्हणून कामाला लागलेल्या मुलीला घाम फुटला होता. नेटवर्कवाल्याने वायरी काढून पुन्हा खोचल्या. सर्व्हरवाल्याने सर्व्हर दोनदा बंद करून चालू केला. दोघेही गंभीर चेहऱ्याने माना हलवत होते.

शेवटी तिने पत्ता अक्षर अक्षर लावून वाचला. साहेबांनी स्वतः टाइप करून सगळ्या लॅबना पाठवलेल्या कागदात 'रिपोर्ट'चं 'रिपोट्र' झालं होतं. सर्व्हरवर शब्द बरोबर होता.

"अगं, ते आम्हाला दहा वाजताच दिसलं," सर्व्हरवाला पुटपुटला.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोल. तू नवीन आहेस, तुला माफ आहे."

ती केबिनमध्ये जाऊन बोलली. साहेबांनी कागद जवळून पाहिला, मग लांब धरून पाहिला. "चूक नाही ती. विचार करून ठेवलाय तो शब्द."

"साहेब, सर्व्हरवरच बदलून टाकतो," दारातून सर्व्हरवाला लगबगीने म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांत रिक्वेस्ट पोचली. टाळ्या झाल्या.

"बघा, शेवटी दोष सर्व्हरचाच निघाला," साहेब म्हणाले. सर्व्हरवाल्याने सर्व्हरच्या वतीने माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन खणखणू लागले. निम्म्या लॅबवाल्यांनी टायपिंगची चूक समजून शब्द आपणहून सुधारला होता. त्यांचे रिपोर्ट परत येत होते.

"अहो, पेशंटला ऑपरेशनला आत घेतलंय. डॉक्टर रिपोर्टसाठी खोळंबलेत!" एक लॅबवाली रडकुंडीला आली होती.

"पत्ता दिलाय तसाच टाका, ताई."

"पण त्यात चूक आहे!"

"हो," टेस्टर म्हणाली. "ती चूकच टाका."

रिपोर्ट पोचला. टेस्टरने फोन ठेवला. ती तडक केबिनमध्ये शिरली. "साहेब, दोन्ही पत्ते चालू ठेवू या. कुणी कसंही लिहिलं तरी पोचेल."

"म्हणजे त्यातला एक चुकीचा आहे, हे आपणच कबूल करायचं?" साहेब शांतपणे म्हणाले. "त्यापेक्षा लॅबवाल्यांना परिपत्रक काढा. तुमची नोकरी अजून पक्की व्हायचीय ना?"

तिने परिपत्रक लिहिलं. 'रिपोर्ट पाठवताना पत्ता जसाच्या तसा लिहावा. त्यात स्वतःच्या मनाने सुधारणा करू नये.'

साहेबांनी ते वाचलं, पहिल्याच शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "शुद्धलेखन चुकलंय तुमचं."

तिने पेन उघडलं.

"सॉरी, साहेब," ती म्हणाली. आणि 'रिपोर्ट' खोडून तिने वळणदार अक्षरात 'रिपोट्र' लिहिलं.