झाकलेली होडी

"ही होडी आधी झाका," लाँचमधून उतरताच केंद्राध्यक्ष म्हणाले. "होडी एका उमेदवाराचं चिन्ह आहे. मतदान केंद्राच्या शंभर मीटरच्या आत दिसता कामा नये."

केंद्र म्हणजे बिरू ढेब्याचं छप्पर. धरणाच्या पाण्यापलीकडची सगळी वस्ती कधीच उठून गेली होती. मतदार म्हणून उरला होता तो एकटा. होडी अंगणात पालथी पडली होती, तळाला कुजून भलं मोठं भोक पडलेली. बिरूने आतून बायकोचं हिरवं लुगडं आणलं आणि होडीवर पांघरलं. वाऱ्याने उडू नये म्हणून कडेकडेने दगड ठेवले.

मग त्याने बटण दाबलं. यंत्र वाजलं. साहेब खुशीत आले. "बघा बाबा, तुमच्या एका मतासाठी लाँच आली, एवढी माणसं आली. एकेका मताला किंमत आहे!"

बिरू बोटावरची शाई बघत राहिला. "गेल्या बारीला हितं दोन मतं व्हती, सायेब. पावसात कारभारनीला साप डसला. होडी फुटलेली. डोंगरावर चढून फोन लावला, तर म्हनले, एका मानसासाठी लाँच सोडता येत न्हाय."

यंत्राला सील लावून सगळे लाँचमध्ये बसले. निघता निघता शिपाई ओरडला, "बाबा, झाकलेलं आता काढलं तरी चालेल!"

लाँच दिसेनाशी झाली. बिरू होडीपाशी गेला आणि लुगड्यावरचा एक सरकलेला दगड त्याने परत नीट ठेवला.