उजवा गाल

माझ्या फोटोंच्या प्रदर्शनाचं नाव होतं ‘जशी आहेस तशी’. तीस वर्षांत काढलेल्या बायका भिंतभर होत्या. कुणाच्या सुरकुत्या, कुणाचं कोड, कुणाचा पडलेला दात, आणि सगळ्या कशा ताठ मानेने बघतायत. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ठसक्यात सांगत होते, “मी कुणाचा डाग पुसत नाही.”

गर्दी पांगल्यावर एक बाई पुढे आली. तिने पर्समधून एक जुना कृष्णधवल फोटो काढला. मागे माझ्या पहिल्या स्टुडिओचा शिक्का होता.

“ही माझी आई. उजव्या गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत जन्मखूण होती तिच्या. तुम्ही ती काढून टाकलीत.”

मला आठवलं. ती खूण घालवायला निगेटिव्हवर तासभर पेन्सिल फिरवत बसले होते. तिच्या आईने सांगितलं नव्हतं, माझीच हौस.

“गेल्या वर्षी आई गेली. हाच फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय, पण माझी लेक याला आजी म्हणायलाच तयार नाही. ती खूण परत उमटवून द्याल?”

“देते की,” मी कसंबसं म्हटलं. “खूण दिसेल असा दुसरा एखादा फोटो आणा, त्यावरून बघून काढते.”

“दुसरा नाहीच. हा हातात पडल्यापासून कॅमेरा दिसला की आई उठून आत जायची. म्हणायची, ‘राहू दे गं, याच्याहून चांगली मी आता कुठली दिसायला!’”