जाळीच्या आत

थोरल्या काकूंनी पेटीतली पहिली चौकट उचलली तसा गुणगुणाट एकदम वर आला. मधमाश्या पाळायला शिकायला आलेला बेकरीवाला झटकन मागे सरकला.

"रोज पेटत्या भट्टीत हात घालतोस," धाकट्या काकू धुराचा भाता दाबत म्हणाल्या, "आणि एवढ्याशा माशीला घाबरतोस होय रे?"

तो कसनुसा हसून पुढे आला. या दोघी जावांचं अर्धं आयुष्य या पेट्यांमध्ये गेलेलं. शिकायचं तर त्यांच्याच हाताखाली, असं त्याला ज्याने त्याने सांगितलं होतं.

थोरल्या काकूंनी चौकट उन्हाकडे तिरकी धरली. "मेणाच्या घरांच्या तळाशी बघ. बारीक पांढरं उभं दिसतंय ना, ती अंडी. म्हणजे राणी इथेच कुठेतरी आहे. शोध."

तो वाकला. लांबट पोटाची राणी त्याला दिसली, आणि नजर वर केली तर काकूंच्या टोपीच्या जाळीच्या आत एक माशी चालत होती. गालावरून डोळ्याकडे.

"काकू, आत माशी शिरलीय."

"कळलंय मला. राणी सापडली का?"

"हो, पण..."

"कुठे आहे?"

त्याने बोट दाखवलं. तेवढ्यात काकूंचा डोळा गच्च मिटला; माशी पापणीला डसली होती. चौकट मात्र हलली नाही. ती त्यांनी पेटीत सोडली, तीही इतकी सावकाश की वाटेतल्या माश्यांना बाजूला व्हायला सवड मिळत होती. मग झाकण लावलं. मग चालत सावलीत जाऊन टोपी काढली.

पापणी टम्म सुजली होती. धाकट्या काकूंनी नखाने माशीचा काटा खरवडून काढला.

"सोडून द्यायचीत ना ती चौकट," बेकरीवाला कळवळून म्हणाला.

"आणि राणी चिरडली असती म्हणजे? अख्खं पोळं पोरकं झालं असतं. माझी सूज काय, उतरेल."

त्याने फडकं ओलं करून त्यांच्यापुढे धरलं.

"आज पुरे करू या का, काकू?"

त्यांनी ओल्या फडक्याने डोळा टिपला, टोपी पुन्हा चढवली, जाळी गळ्याशी नीट खोचली आणि चौकटी सुट्या करायची पटाशी त्याच्या हातात दिली.

"शेजारची पेटी तू उघड. मी बघते. एक डोळा आहे की."