तिसरा ठोकळा

वाळूत प्लास्टिक कचऱ्याचा भुगा मिसळून ओतलेले काँक्रीटचे तीन ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात होते. आज तपासनीस बाई त्यांची ताकद मोजायला ते यंत्राखाली फोडून घेत होत्या.

पहिल्यातून अख्खी गुलाबी फणी निघाली. मुंगी शिरणार नाही अशा चाळणीतून गाळलेल्या भुग्यात फणी? सकाळी याच फणीने त्यांनी लेकीचे केस विंचरले होते. दातांत अडकलेले केस अजून ओले होते.

दुसऱ्यातून लेकीची चप्पल निघाली. यंत्रवाल्याने तिसरा ठोकळा चढवला, तेव्हा बाई घरी फोन लावत होत्या.

"अगं, आत्ता इथंच खेळत होती," सासूबाई म्हणाल्या. "थांब, हाक मारते."

फोनमध्ये हाक ऐकू आली.

यंत्राचा दाब चढत होता, आणि ठोकळ्यातून लेकीने ओ दिली.